थेंबाचा पत्ता

उजळाईवाडीच्या शेडमध्ये इंगवले सरांचं विमान,
माझ्याहून सात वर्षांनी मोठं,
कापडी पंख, दोन खुर्च्या,
आणि नाकाखाली रंगाचा रिकामा डबा.
रात्रीतून डब्यात अर्धी वाटी पेट्रोल.
निळं. दौत विसळलेल्या पाण्यासारखं.

मी उद्यमनगरातली. शेतपंप, ऑइल इंजिन,
गुऱ्हाळाच्या घाण्याचं गिअर, एवढंच माझं शास्त्र.
सर म्हणाले, "ड्रॉइंग आहेत. बेळगावचा इंजिनियर
रविवारी येतो, तपासून सही करेल.
तोवर हात तुझा."
म्हणताना हात मात्र त्यांचाच फिरत होता
पंखाच्या पोटावरून, गाभण म्हशीच्या फिरवावा तसा.

डाग होता गाळणीच्या वाटीपाशी.
वाटी उघडली. बुचाचं गॅस्केट
शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं, धरलं की मोडणारं.
तसलं आता कुठं मिळतंय.
बुचाची पट्टी घेऊन चप्पल लाइनीत गेले.
हणमंत सातपुत्यांनी अंगठ्याच्या नखानं माप घेतलं,
चामड्याचा पंच टेकवला, एक ठोका,
दुसरा मोठा पंच, दुसरा ठोका,
आणि कडी सुटून माझ्या ओंजळीत.
"इमानाला चप्पल?" म्हणाले. पैसे घेतले नाहीत.
घेतले असते तर बरं झालं असतं,
कारण गॅस्केट बसवलं, वाटी आवळली, तारेनं बांधली,
आणि सकाळी डब्यात
पुन्हा अर्धी वाटी.

सर काही बोलले नाहीत.
थर्मासमधला चहा ओतला. तोही टोपणाखालून गळला.

मग आठवले मेहबूब उस्ताद, फाउंड्रीतले.
कास्टिंगला रॉकेल फासायचे, पुसून काढायचे,
वर खडू. चीर आपण होऊन
आपलं नाव लिहायची.
"पडतोय तिथं थेंब ऱ्हात नसतोय, पोरी.
त्येचा पत्ता वरचा आसतोय."

शाळेतले चार खडू कुटले,
फडक्यातून नळीवर झटकले.
मोबाइल बाहेर कट्ट्यावर. आम्ही दोघं आत,
वासानं गप्प.
वीस मिनिटं गेली.
पांढऱ्यावर एक निळी रेघ, केसाएवढी,
टाकीच्या कॉकखालच्या नटातून निघाली,
नळीच्या पाठीवरून घरंगळली, वळणावर थांबली,
विचार केल्यासारखी,
मग वाटीच्या काठाशी येऊन लोंबली.
बिचारी वाटी.
दोन दिवस तिला शिव्या घातल्या मी.

टाकी रिकामी केली. नट सोडला.
तांब्याचं तोंड जिथं फुलवून बसवतात
तिथं चीर.
तांबं असंच. इंजिनाच्या थरथरीनं वर्षानुवर्षं
कडक होत जातं, आपल्याला वाटतं मजबूत झालं,
आणि तडकतं.
नवी नळी आणली, तीही दुकानात पडून ताठलेली.
शेडपासून लांब, पार कुंपणापाशी नेली,
लाल केली, बादलीत बुडवली.
पोलाद असतं तर चिडून कडक झालं असतं.
तांबं मऊ येतं बाहेर.
सरांनी गार नळी गुडघ्यावर वाकवून पाहिली.
"आमच्या वेळी," म्हणाले,
आणि पुढचं त्यांना आठवलं नाही.

तोंड फुलवलं. नट बोटानं, मग पान्यानं,
मग थांबले. जास्त आवळणं हासुद्धा
एक प्रकारचा घाबरटपणा असतो.

टाकी भरली. रात्री डबा काढून टाकला,
तिथं पेपर पसरला. पान तीन, गूळ सौद्याचे दर.
सकाळी सहाला येऊन बघते
तर सर विमानाखाली गुडघ्यांवर,
एकेक दर मोठ्यानं वाचतायत.
कुठंही शाई फुटली नव्हती.
मग पेपर उचलून नाकाशी नेला.
"गुळाचा वास येतोय," म्हणाले.

काहीतरीच.
पण रविवारपर्यंत तो पेपर
मी तिथंच राहू दिला.